तेरा जीवनसत्त्वं, त्यातली अकरा ताटातली: रोजच्या जेवणाची घडी बसवण्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

जीवनसत्त्वं एकूण तेरा. ए, सी, डी, ई, के आणि बी गटातली आठ. यांपैकी अकरा मराठी स्वयंपाकघरातल्या साध्या जिनसांतून पुरेशी मिळू शकतात. उरतात दोन: बी-१२ आणि डी. शाकाहारी घरात बी-१२ जेमतेम येतं, आणि डी तर शाकाहारी असो की मांसाहारी, फारच थोड्या जणांच्या ताटातून पुरतं. आपण मात्र पैसे नेमके उलटीकडे घालवतो. जे वीस रुपयांच्या पेरूतून मिळतं त्यासाठी मेडिकलमधून फेसाळणारी गोळी आणतो, आणि जी तपासणी खरंच करायला हवी ती 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून वर्षानुवर्षं ढकलतो.

या लेखात आधी ताट आणि मग गोळी असा क्रम ठेवला आहे. लिहिलेलं सगळं धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहे. मूत्रपिंडाचा विकार, मुतखडे, यकृताचा त्रास किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर यातलं काहीही बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

पहिलं काम: तीन दिवसांची वही

कामाचे दोन दिवस आणि एक रविवार निवडा. तोंडात गेलेलं सगळं लिहा, वेळेसकट. कॅलरी मोजू नका. फक्त काय, साधारण किती आणि किती वाजता, एवढंच पुरे.

बहुतेक शहरी घरांत वहीत असा काहीसा दिवस उतरतो: साडेसहाला चहा आणि दोन बिस्किटं. नऊला कांदेपोहे, सोबत पुन्हा चहा. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. पाचला चहा, मूठभर फरसाण. रात्री आमटी-भात, सकाळची उरलेली भाजी, लोणच्याची फोड. पोट भरलेलं, चव उत्तम. पण फळ एकही नाही, कच्चं काही नाही, हिरवं पान म्हणजे पोह्यांवरची कोथिंबीर.

आता याच्या शेजारी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ताट ठेवा. संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शिका नव्याने काढली. त्यात २००० कॅलरीच्या दिवसासाठी कच्च्या वजनात हिशोब दिला आहे: धान्यं २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम.

यातला धक्का भाज्यांच्या आकड्यात आहे. पोळीशी तोंडी लावायला घेतलेली एक वाटी भाजी साधारण शंभर ग्रॅम भरते. दोन्ही जेवणांत एकेक वाटी घेतली तरी दोनशेच झाले, आणि त्यातली एक बटाट्याची असेल तर ती मी धरतच नाही. जागतिक आरोग्य संघटनाही भाजी-फळांच्या हिशोबात बटाटा घेत नाही. तेव्हा वही बघून पहिला प्रश्न 'कुठलं जीवनसत्त्व कमी आहे' हा न ठेवता 'भाजी दुप्पट कशी करायची' हा ठेवा. त्याचं उत्तर सापडलं की ए, सी, के आणि फोलेट (बी गटातलं एक जीवनसत्त्व, बी-९) या चौघांचं काम बव्हंशी होऊन जातं.

दुसरं काम: चहा सरकवा

हे सगळ्यात स्वस्त काम, म्हणून आधी. चहा सोडायचा नाही, जेवणापासून लांब न्यायचा. चहा-कॉफीतली टॅनिनं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून रक्तात जाऊ देत नाहीत. भाज्या-धान्यांतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, त्यात जेवणाबरोबर चहा आला तर उरलेल्यातलंही बरंच वाया. जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको, असं पोषण संस्थेची मार्गदर्शिकाही सांगते.

पोह्यांचंच बघा. पोह्यांत थोडं लोह असतं, शेंगदाण्यांतही असतं. वरून लिंबू पिळलं की त्यातलं सी जीवनसत्त्व ते लोह शोषायला मदत करतं. आणि लगेच शेजारी चहाचा कप! एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. पोहे नऊला असतील तर चहा साडेसातला किंवा सव्वादहाला घ्या. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. कढईत शिजवलेल्या लिंबाचा आंबटपणा उरतो, सी जीवनसत्त्व बरंचसं जातं.

घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर हा बदल आधी त्या व्यक्तीसाठी करा. बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे घरातली बाई असते, जी सगळ्यांचं झाल्यावर उभ्याउभ्या पोळी चहात बुडवून खाते.

तिसरं काम: पालेभाजी, आठवड्यातून निदान चार दिवस

पालेभाजीतल्या फोलेटचा शोध आणि मुंबई यांचा थेट संबंध आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. इथल्या गरोदर बायकांमध्ये, विशेषतः गिरण्यांत काम करणाऱ्यांमध्ये, एक जीवघेणा अ‍ॅनिमिया दिसत होता, ज्यात रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होतात. विल्स यांनी त्यांच्या निकृष्ट आहाराचा माग काढला, आणि यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर या बायका सुधारतात हे १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला.

तर भाजी कोणती आणायची? पालकावरच अडून बसू नका. पालकातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झॅलेट नावाच्या घटकामुळे अंगी जवळजवळ लागत नाही. मेथी, माठ, चाकवत, अंबाडी, करडई, राजगिरा, अळू, मुळ्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू, जे ताजं आणि स्वस्त दिसेल ते फिरतं ठेवा. फ्लॉवर आणि नवलकोलाचा पाला भाजीवाल्याकडे बहुधा फुकट मिळतो. तोही चांगला.

माझं मत विचाराल तर या सगळ्यांत शेवग्याचा पाला पहिला. कोकणात गोकुळाष्टमीला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर ही भाजी होते, पण देशावर अनेक घरांत शेंगा आमटीत आणि पाला कचऱ्यात जातो. लोक टाळतात ते निवडण्याच्या कंटाळ्याने. त्यावर उपाय सोपा आहे. रात्री डहाळ्या सुती कपड्यात घट्ट गुंडाळून ठेवा. सकाळी कापड उघडून झटकलं की बारीक पानं आपोआप गळून पडलेली असतात. उरलेले जाड देठ काढून टाका, ते शिजत नाहीत. पानं भरपूर पाण्यात बुडवून वर उचलून घ्या, चाळणीत ओतू नका, नाहीतर तळाची माती परत वर येते. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, सुकी मिरची, बारीक कांदा. अर्धा तास भिजवलेली मूठभर मूगडाळ घालून एक वाफ काढा, मग पाला आणि मीठ. सात-आठ मिनिटांत होते. वरून ओलं खोबरं.

तेल त्यात हवंच. हिरव्या पानांत, गाजरात, लाल भोपळ्यात ए जीवनसत्त्वाचा जो कच्चा माल असतो, त्याला कॅरोटीन म्हणतात, आणि तो स्निग्धाशिवाय शोषला जात नाही. उकडलेली, बिनतेलाची 'डाएट' पालेभाजी खाणाऱ्यांचं इथे नुकसान होतं. ताकातल्या पालेभाजीला वरून दिलेली लसणीची फोडणी नुसत्या चवीसाठी नाही.

हाताळणीच्या तीन सवयी लावून घ्या. भाजी आधी धुवा, मग चिरा, कारण चिरून धुतली तर पाण्यात विरघळणारी बी आणि सी जीवनसत्त्वं मोरीत जातात. उकडलेल्या भाजीचं पाणी आमटीत किंवा कणीक भिजवायला वापरा. आणि खायचा सोडा टाकू नका. हरभरे, राजमा, छोले लवकर शिजावेत म्हणून चिमूटभर सोडा घालायची पद्धत घरोघरी आहे. त्याने बी-१ नष्ट होतं. कडधान्य रात्रभर भिजवलं असेल तर कुकरला दोन शिट्ट्या जास्त पुरतात.

चौथं: एक फळ, एक कोशिंबीर

इथे फार सांगण्यासारखं नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व लागतं. शंभर ग्रॅम पेरूत साधारण दोनशे मिलिग्रॅम असतं, संत्र्यात त्याच्या चौथ्या हिश्शाएवढं. म्हणजे एका पेरूत दिवसाचा हिशोब मिटून वर उरतो. आवळा त्याच्याही वरचढ, पण मोरावळ्यात साखर बरीच, म्हणून मिठातला आवळा किंवा वाटून चटणी बरी. पपई, हंगामात आंबा, ओला हरभरा, कच्ची कैरी सगळं चालतं. सफरचंद आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायचं फळ म्हणून ठीक. सी जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते पेरूच्या जवळपासही येत नाही, आणि भाव तिप्पट-चौपट.

कोशिंबीर जेवायच्या दहा मिनिटं आधी करा. काकडी, गाजर, मुळा, कोबी, बीट, मोड आलेले मूग, काहीही. दाण्याचं कूट घातलं की ई जीवनसत्त्वही येतं.

पाचवं: धान्यात फेरफार

उकडा तांदूळ आपल्या कोकण-गोव्याची शहाणी सोय आहे. साळ कोंड्यासकट उकडली जाते तेव्हा कोंड्याजवळचं बी-१ दाण्याच्या आत शिरतं, आणि नंतर तांदूळ सडला तरी बरंचसं टिकून राहतं. पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळात ते कोंड्याबरोबर निघून जातं. बी-१ च्या अभावाने बेरीबेरी होतो. याच रोगाचा अभ्यास करायला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ साली निलगिरीत कुन्नूरला एक छोटं केंद्र काढलं होतं, तेच पुढे हैदराबादला जाऊन आजची राष्ट्रीय पोषण संस्था झालं.

पॉलिश तांदूळच आवडत असेल तर तो पाच-पाच वेळा चोळून धुऊ नका आणि पेज फेकू नका. आठवड्यातून तीन-चार जेवणांत गव्हाच्या पोळीऐवजी भाकरी करा. बाजरीत ज्वारी आणि गव्हापेक्षा लोह जास्त. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. थालीपिठाची भाजणी घरात असेल तर संध्याकाळच्या फरसाणाची जागा तिने घ्यावी, यासारखी दुसरी अदलाबदल नाही.

मटकी, मूग, हुलगे यांना मोड आणा. मोड येताना सी जीवनसत्त्व नव्याने तयार होतं आणि लोहाला अडवणारं फायटेट कमी होतं. उसळीवर लिंबू पिळा किंवा सोबत टोमॅटोची कोशिंबीर ठेवा.

उपासाबद्दल एवढंच: साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यातल्या दाण्याच्या कुटामुळेच काय ती खिचडीची लाज राहते. दर आठवड्याला उपास करत असाल तर राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि दाण्याची आमटी, ताक आणि एखादं फळ असं ताट करा.

सहावं, आणि महत्त्वाचं: बी-१२

बी-१२ वनस्पतींत नसतं. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात आणि आपल्याला ते प्राणिज अन्नातून मिळतं. इडली, आंबोळी, ताक आंबवलेलं आहे म्हणून त्यात भरपूर बी-१२ असेल, ही समजूत चुकीची. दही-ताकात जे असतं ते मूळ दुधातलं. स्पिरुलिना या शेवाळातलं बी-१२ तर बहुतांशी शरीराला न वापरता येणारं असतं.

गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे नगण्य. पण शाकाहारी ताटात तीही भरत नाही. मोठा पेलाभर दुधातून कसाबसा एक मायक्रोग्रॅम, आणि आपण दूध पुन्हा पुन्हा उकळून त्यातलंही घटवतो. अंड्यात साधारण अर्धा. मासे-मटण खाणाऱ्यांचं बरं आहे: बांगडा, तारली, सुकट, कलेजी यांत चांगलं असतं, आणि तिसऱ्यांत तर विलक्षण भरपूर. यकृतात बी-१२ चा साठा बराच काळ पुरतो, त्यामुळे एरवी नीट मांसाहार करणाऱ्याने श्रावण पाळला किंवा अख्खा चातुर्मास पाळला तरी बिघडत नाही. पण महिन्यातून एकदा चिकन खाणाऱ्याने स्वतःला मांसाहारी समजून निश्चिंत राहू नये.

या विषयावरचं जगात गाजलेलं काम पुण्यातलं आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. जवळपास दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी आढळलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं, की गरोदरपणी ज्यांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. आणि याच अभ्यासात गरोदरपणी दूध, पालेभाजी आणि फळं अधिक खाणाऱ्यांची बाळं जन्मतः चांगल्या वजनाची निघाली.

आता करायचं काय? आयुष्यभर शाकाहारी असाल, वय साठीपुढचं असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेत असाल, तर एकदा बी-१२ तपासा. वयोमानाने जठरातलं आम्ल कमी होतं, आणि ही दोन्ही औषधंही शोषण कमी करतात. रिपोर्टात २०० पिकोग्रॅमच्या खालचा आकडा म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे काठावर. गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या. गोळ्या घेत असताना तपासलं तर आकडा छान येतो आणि मूळ स्थिती कळत नाही.

सोबत साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा आणि हिमोग्लोबिनच्या खाली एम.सी.व्ही. नावाची ओळ शोधा. तो तांबड्या पेशीचा आकार. ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता असू शकते, किंवा थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक दोषही. १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलेट कमी असण्याची शक्यता. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर दोन्ही एकमेकांना झाकतात आणि आकडा मधलाच, सरळ दिसतो. म्हणून 'हिमोग्लोबिन कमी, म्हणजे लोहाच्या गोळ्या आणा' हे घरगुती निदान पुष्कळदा अर्धवट ठरतं.

डॉक्टर बहुधा ५०० ते १५०० मायक्रोग्रॅमची गोळी लिहून देतात. दोनची गरज असताना हजार कशाला, असा प्रश्न पडणं रास्त आहे. जठरातून येणारं एक प्रथिन बी-१२ ला हाताशी धरून आत नेतं, आणि एका वेळी ते दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेऊ शकतं. बाकीच्यातलं फक्त एक टक्क्याच्या आसपास आपणहून झिरपतं. त्या एक टक्क्यासाठी डोस मोठा. रक्तात जास्तीचं झालंच तर ते लघवीवाटे जातं. इंजेक्शन कधी घ्यायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या. 'ताकद येते' म्हणून दर महिन्याला टोचून घेण्याचं ते औषध नाही.

सातवं: डी आणि कोवळ्या उन्हाचा घोळ

डी जीवनसत्त्व कातडीत तयार होतं, उन्हातल्या यूव्हीबी नावाच्या अतिनील किरणांनी. सकाळचं कोवळं ऊन चांगलं असं आपण पिढ्यानपिढ्या सांगतो. अंगाला ते सुखावतं खरं, पण सूर्य क्षितिजाजवळ असताना यूव्हीबी वातावरणातच अडकतात. सात वाजता बाळाला पाट्यावर उन्हात धरून ठेवलं तरी डी फारसं होत नाही.

घड्याळापेक्षा सावली बघा. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन कामाचं. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्यात हे साडेनऊलाच होतं, डिसेंबरात मात्र साधारण साडेअकरा ते दीड एवढाच वेळ मिळतो. चेहरा, हात, पोटऱ्या उघड्या ठेवून आठवड्यातून तीन-चारदा अर्धा तासभर. सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा वेळ जास्त लागतो. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, त्यामुळे बंद खिडकीशी किंवा गाडीत बसून उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी हे प्रयोग करू नका. विदर्भ-मराठवाड्यात तर नकोच, उष्माघात डीच्या कमतरतेपेक्षा फार लवकर मारतो.

ऑफिस, लोकल आणि फ्लॅट यांतून हे किती जणांना जमतं हा प्रश्नच आहे. अन्नातून बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे, अंड्याचा बलक, आणि 'एफ'च्या पुढे अधिकचं चिन्ह असलेलं निळं बोधचिन्ह छापलेलं तेल किंवा दूध, ज्यात ए आणि डी मिसळलेलं असतं. तेवढ्याने रोजची ६०० युनिटं भरत नाहीत. लंडन-मँचेस्टरकडच्या मराठी मंडळींना तर ऑक्टोबर ते मार्च उन्हातून डी मिळतच नाही. तिथलं सरकारच शरद आणि हिवाळ्यात सर्वांना रोज दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिटं, घ्यायला सांगतं.

तपासणीत आकडा २० नॅनोग्रॅमच्या खाली आला तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटांची कॅप्सूल किंवा पावडरची पुडी आठवड्यातून एकदा, असे काही आठवडे देतात. आठवड्यातून एकदा. रोज नाही. ही चूक घराघरांत होते: पाकिटावर डोस ठळक लिहिलेला नसतो, बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात, आणि ही पण रोज पोटात जाते. डी चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. काही महिने असं चाललं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत मजल जाते. एक वार ठरवा, कॅलेंडरवर त्या वारांवर खुणा करा, आणि दिवसातल्या सर्वांत तुपातेलाच्या जेवणानंतर घ्या. ठरलेले आठवडे संपले की त्याच चिठ्ठीवर पुन्हा आणू नका.

आठवं: मल्टिव्हिटॅमिनचं पाकीट उलटं करा

पाकिटाच्या पुढच्या बाजूला रंगीत चित्रं असतात, कामाचा मजकूर मागे. प्रत्येक घटकापुढे रोजच्या गरजेच्या किती टक्के आहे ते बघा. शंभरच्या आसपास असेल तर निरुपद्रवी. काहींत सातशे-आठशे टक्के असतं आणि ते कौतुकाने छापलेलं असतं. बी-२ जास्त झालं की लघवी पिवळीजर्द होते, तुमचे पैसे तिथून जातात. पण सगळंच असं निघून जात नाही. बी-६ चे मोठे डोस महिनोन्महिने घेतले तर नसांना इजा होते, म्हणजे हातापायांतल्या ज्या मुंग्यांसाठी गोळी सुरू केली त्याच वाढतात.

आणखी काही ठिकाणी जपा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत. १९९०च्या दशकात फिनलंड आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत अशा लोकांत फुफ्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला. गाजर खायला हरकत नाही, गोळी नको. केसांसाठी बायोटिनची (हेही बी गटातलंच) गोळी चालू असेल तर थायरॉइडची तपासणी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, आकडे चुकीचे येऊ शकतात. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध असेल तर पालेभाजी बंद करायची नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असंही करायचं नाही, कारण पानांतलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र गिळू नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्याने घाबरून गोळी थांबवू नका.

घरातल्या कोणाचं काय वेगळं

बाळाचा विचार करत असलेल्या बाईने दिवस राहण्याआधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, सुरू करावं. बाळाचा मज्जारज्जू ज्या नळीतून बनतो ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ती शाकाहारी असेल तर बी-१२ ही तेव्हाच तपासून घ्यावं. चौथ्या महिन्यापासून सरकारी कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची लाल गोळी १८० दिवस मोफत मिळते, उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. या काळात ए जीवनसत्त्वाचे मोठे डोस स्वतःहून घेऊ नयेत, ते गर्भाला घातक आहेत.

तान्ह्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटं डीचे थेंब बालरोगतज्ज्ञ देतातच. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ए जीवनसत्त्वाचा डोसही मिळतो. तो लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्या, म्हणजे खासगी दवाखान्यात पुन्हा दिला जाणार नाही.

आजी-आजोबांचं दुखणं दातांपासून सुरू होतं. कोशिंबीर चावत नाही, भाकरी तुटत नाही, मग दूध-भात आणि चहात बुडवलेली पोळी यांवर दिवस निघतात. त्यांना काकडी किसून दह्यात, पालेभाजी पातळ करून ताकात, भाकरी कुस्करून आमटीत, पिकलेली पपई, मऊ उपमा भाज्या घालून असं द्या. पायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, अलीकडच्या गोष्टी विसरणं यातलं काही दिसलं तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. बी-१२ ची कमतरता अशीच दिसते, आणि फार उशीर झाला तर नसांची इजा पूर्ण भरून येत नाही. त्यांना मेडिकलमधून परस्पर नुसतं फॉलिक अ‍ॅसिड आणून देणं विशेष वाईट: रक्त सुधारलेलं दिसतं, नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

औषध सुरू झालं की फेरतपासणी तीन महिन्यांनी करा, त्याआधी नको. नवा रिपोर्ट जुन्याशेजारी ठेवून एम.सी.व्ही., बी-१२ आणि डी हे तीन आकडे तारखेसकट त्या पहिल्या वहीच्या मागच्या पानावर उतरवा. डॉक्टर बदलले, लॅब बदलली, तरी पुढच्या माणसाला त्या एका पानावरून कळेल की गोळी कधी सुरू झाली आणि कधी थांबवायची होती.